उन्हात रापवलेली नवरी

वयात आल्यापासून चंदाला तिच्या आत्यानं, इंदुताईनं, अंगणातही उतरू दिलं नव्हतं. पोर गोरी राहिली तरच बल्लारपूरचं स्थळ पदरात पडेल, असं तिचं म्हणणं. धडधाकट पोर भिंत धरून उठू लागली, मांड्या ठणकतात म्हणून रडू लागली. "सोंगं करते," आत्या म्हणायची.

माहेरी जाते सांगून चंदाच्या आईनं, गोकुळानं, लेकीला चांदा शहरातल्या डॉक्टरला दाखवलं. ते म्हणाले, "ऊनच नाही मिळालं, म्हणून ड जीवनसत्त्व कमी पडलं. हाडं कच्ची राहून राह्यली."

गोकुळा घरी येऊन भांडली नाही. आत्या तळ्यावर मासळी आणायला गेली, की ती लेकीला वाळत घातलेल्या मोहफुलांपाशी बसवायची, हातपाय उघडे टाकून. हळूहळू ठणक उतरली. रापलेल्या मानेवरून हात फिरवताना गोकुळाला माया यायची, अन् नणंदेचं तोंड कसं पडेल या विचारानं हसूही. आत्यानंच खिडक्या लावून ठेवलेल्या. त्या अंधारात तिला रंग कळलाच नाही.

बल्लारपूरचे पाहुणे पोरगी बघायला आले, अंगणात बसले. चंदा पोहे घेऊन उजेडात आली.

"गोरी सांगतली होती ना, इंदुताई?" मुलाचा बाप म्हणाला, अन् सगळे उठून चालते झाले.

"काऊन वं गोकुळे, नाक कापलं माह्यं!"

"पोरीचे पाय वाचवले, बाई. तुम्ही आत जा, दार लावून बसा. ऊन लागन, रंग उडन तुमचा."

आत्या खरंच आत गेली. पाहुण्यांचे पोहे मायलेकींनी उन्हात बसून मिटक्या मारत खाल्ले.