बाकाचं दुसरं टोक

शनिवारी सकाळी बाबा स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुठ्ठ्याची कबुतरं कापत बसले होते. एकूण सतरा. दुसऱ्या दिवशी संडे स्कूलमध्ये प्रत्येक मुलाला एकेक द्यायचं होतं. मी चहाचा कप ठेवायला जागा शोधत होते. जगात शांती नांदायला माझी हरकत नव्हती, पण तिने टेबलाचा एक कोपरा तरी सोडायला हवा होता.

"याची चोच बघ जरा. पोपट वाटतोय का?"

"कोंबडी वाटतेय. तीही कुणाच्या अध्यातमध्यात नसते, चालून जाईल."

ते हसले. मग कात्री खाली न ठेवताच म्हणाले, "उद्या येतेस? चर्चच्या हॉलमधला बाक हलवायचाय."

"तुमच्या समितीला सांगा की."

शांती आणि न्याय शिक्षण समितीत तीनच जण होते. त्यातले सेक्रेटरी आणि खजिनदारबाई चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. तिसरे बाबा. त्यामुळे मुलांना सलोखा कसा शिकवावा याबद्दलचे सगळे ठराव बाबांच्या हातून इकडून तिकडे जात.

"ते दोघं एका बाकाला हात लावतील होय? तूच ये."

"आणि नाही आले तर? मारणार का?"

हे आमचं नेहमीचं होतं. म्हणजे माझं. बाबा पुन्हा चोच कापू लागले.

बाबांच्या वर्गात भांडणाऱ्यांना शिक्षा नसे. दोघांनी हॉलमधला लांब लाकडी बाक दोन टोकांना धरून दारापासून फळ्यापर्यंत न्यायचा आणि त्यावर शेजारी शेजारी बसायचं, एवढंच. बाक इतका जड की 'थांब', 'सावकाश', 'जरा तुझ्याकडे घे' असं म्हटल्याशिवाय हलायचाच नाही. अबोला निम्म्या वाटेत मोडायचा. अकरा वर्षांची असताना मी एका मुलीची वही फाडली आणि बाक उचलायला नकार दिला. वर्ग बापाचाच होता, मला कोण काय करणार. त्या दिवशीचा धडा होता, शत्रूवर प्रेम करा. बाबांनी सगळ्यांसमोर माझ्या थोबाडीत दिली.

पुढच्या रविवारी ते वर्गाला म्हणाले, "गेल्या वेळी मी हात उचलला. ते चुकलं. आता नियमाप्रमाणे हिने आणि मी बाक न्यायचा." आणि ते एक टोक धरून वाकून उभे राहिले. मी हाताची घडी घालून बसले. तास संपेपर्यंत ते तसेच वाकलेले होते.

त्यानंतर तीस वर्षं मी 'मारणार का?' वापरलं. कमी पडलेले मार्क, सोडलेली नोकरी, उतू गेलेलं दूध, कशालाही चालायचं. अहिंसेच्या घरात इतकं नेमाचं हत्यार दुसरं नव्हतं. शिवाय कधी धार लावावी लागली नाही.

रविवारी सकाळी बाबा उठले नाहीत. झोपेतच गेले, असं डॉक्टर म्हणाले. सोळा कबुतरं तयार होती, सतराव्याची चोच अर्धी राहिली होती.

अंत्यविधीच्या वेळी पाळक म्हणाले, "त्यांनी आयुष्यात कधी कुणावर हात उगारला नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग श्रद्धांजलीसाठी सेक्रेटरी आणि खजिनदारबाई एकदमच उठले आणि कुणीच बसेना, म्हणून दोघांनी एकाच वेळी बाबांच्या शांत स्वभावाबद्दल सांगितलं. ऐकू काही आलं नाही. बाबा असते तर उठून त्यांनी पाळकांचं वाक्य तेवढं दुरुस्त केलं असतं. मी बसून राहिले.

पुढच्या रविवारी मी कबुतरं पोचवायला गेले. हॉलमध्ये सतरा मुलं होती आणि शिकवायला कुणी नव्हतं. सेक्रेटरींना वाटलं खजिनदारबाई येतील, त्यांना वाटलं सेक्रेटरी येतील. विचारायचं तर बोलावं लागलं असतं.

मी खोकं खाली ठेवलं. चष्मा लावलेली एक मुलगी पुढे आली. दहाएक वर्षांची असेल.

"तुम्ही सरांची मुलगी ना? सरांनी मारलं होतं ती?"

"तुला कुणी सांगितलं?"

"सरांनीच. दरवर्षी पहिल्या तासाला सांगायचे. आधी आपली चूक सांगायची, मग शिकवायला उभं राहायचं, असं म्हणायचे." तिने दाराजवळच्या बाकाकडे बोट दाखवलं. "आणि म्हणायचे, माझी फेरी अजून राहिलीय."

जे हत्यार मी खास माझं म्हणून जपलं होतं, ते बाबा दरवर्षी वर्गभर वाटत होते.

"ती फेरी आज करू या," मी म्हणाले.

"पण दुसरं टोक कोण धरणार? तुमचं भांडण सरांशी होतं." तिने थोडा विचार केला आणि बाह्या वर सारल्या. "मी धरते. पण बोलायचं तुम्ही. मी कुठे भांडलेय?"

बाक मला आठवत होता त्याहून जड निघाला. हॉलच्या मध्यावर तिची बोटं निसटायला लागली.

"थांब," मी म्हणाले. "सावकाश. जरा माझ्याकडे घे."

फळ्यापाशी पोचून आम्ही शेजारी शेजारी बसलो. सगळी मुलं बघत होती. मुलीने मला कोपराने ढोसलं. "बोला ना."

"बाबा," मी मागच्या रांगेला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "तुम्ही वाकून उभे होतात ना, तेव्हाच मी तुम्हाला माफ केलं होतं. उठले नाही तो माझा हट्ट. माझं चुकलं."