जुनं नाव आधी

थळच्या पलीकडच्या एका कोळीवाड्यात कारभार हाती द्यायची एक रीत आहे. जुन्या पंचाने आधी पाटावरून उठायचं, चावी सगळ्यांदेखत खाली ठेवायची, मगच नव्याने बसायचं. पाट क्षणभर रिकामा दिसला पाहिजे. दोघं एकदम पाटावर दिसले तर पुढे वर्षभर भांडणं होतात म्हणे, आणि भांडणांचा कोळीवाड्याला अनुभव दांडगा.

म्हणून सोसायटीच्या शीतगृहाचा कॉम्प्युटर जागृतीकडून धनेशकडे द्यायची वेळ आली, तेव्हा अध्यक्ष रामचंद्रकाकांनी तेही रीतीनेच करायचं ठरवलं. जागृतीचं लग्न ठरलं होतं, हरिहरेश्वरला. शीतगृह आल्यापासून तीच ते सांभाळत होती. आतलं तापमान पडद्यावर कोणालाही दिसायचं, पण मशीन चालू कर, बंद कर असा हुकूम सोडायचा तर अधिकारांच्या फाइलमध्ये नाव लागायचं. त्या फाइलमध्ये नाव एकच, जागृतीचं.

हे सगळं बसवून देणाऱ्या पुण्याच्या प्रज्योतने तिला बजावून ठेवलं होतं. ती फाइल नेहमीच्या एडिटरने उघडायची नाही, व्हीसुडो नावाच्या खास एडिटरनेच उघडायची, तो सेव्ह करण्याआधी चुका तपासतो. आणि नव्या माणसाचं नीट चालतंय हे बघेपर्यंत, पूर्ण अधिकार असलेली दुसरी खिडकी पडद्यावर उघडी ठेवायची, म्हणजे काही चुकलं तर तिथून सुधारता येतं. जागृतीला हे पाठ होतं. पण पाठ असणं वेगळं आणि मागे सगळी कमिटी उभी असताना करणं वेगळं.

"आधी तुजं नाव काड गो," काका म्हणाले.

"काका, आधी धनेशचं घालते. चाललं की माझं काढते."

"म्हंजे दोगं एकदम? न्हाय. आधी काड, सेव कर, सगल्यांना दाव. मंग त्याचं." मग त्यांची नजर पडद्याच्या कोपऱ्यात गेली. "आन ही दुसरी खिडकी कसली? बंद कर ती. लोक बोलतील, पोरीनं जाता जाता मागलं दार उघडं ठेवलं."

लोक बोलतील, हे ऐकलं आणि जागृती गारद झाली. लग्न तोंडावर आलेल्या मुलीला याहून मोठा धाक कोणता? तिने खिडकी बंद केली. स्वतःच्या नावाची ओळ काढली, सेव्ह केलं. व्हीसुडोने तपासलं, त्याला काहीच चूक सापडली नाही. बिचारा अक्षरं तपासतो, माणसं नाही. नारळ फुटला, टाळ्या झाल्या.

मग तिने धनेशचं नाव घालायला फाइल पुन्हा उघडायला घेतली. कॉम्प्युटरने पासवर्ड मागितला, तिने दिला. उत्तर आलं की तुमचं नाव यादीत नाही, आणि ही गोष्ट वर कळवली जाईल. वर कोण बसलं होतं? कोणीच नाही. पाट रिकामा झाला होता आणि आता कायमचा रिकामाच राहणार होता. 

जागृतीने प्रज्योतला फोन लावला. त्याने आधी विचारलं, "दुसरी खिडकी?" बंद केली, ती म्हणाली. तो नागपूरला होता. त्याच्याजवळच्या पेनड्राइव्हशिवाय कॉम्प्युटर उघडणार नव्हता. उद्या दुपारपर्यंत येतो म्हणाला. "मशीन चालू आहे ना? मग काही होत नाही. फक्त लाइट जायला नको."

मे महिन्यात, या किनाऱ्यावर, लाइट जायला नको! जेवणवेळेला गेली. लगेच आलीही, पण कॉम्प्रेसर उठला नाही, त्याला कॉम्प्युटरमधूनच हुकूम लागतो. धनेश टेम्पो घेऊन बर्फासाठी पळाला, रिकामा परत आला. होता तो बर्फ बोटींनी उचलला होता.

आत सगळ्यात जास्त मासळी नीराबाईची होती. रविवारी तिच्या मुलाची, ओंकारची हळद. कोळ्यांची हळद म्हणजे सगळा वाडा जेवायला, म्हणून तिने पापलेट, सुरमई, कोळंबी, निवडून निवडून साठवली होती. या थंड खोलीवर वाड्याचा विश्वास नव्हता तेव्हा पहिली टोपली तिनेच आणून ठेवली होती. "जागृती हाय ना, मंग ठेवतंय," म्हणाली होती.

आता ती जागृतीशेजारी स्टुलावर बसून पडद्यावरचे आकडे चढताना बघत होती.

"ह्ये वर जातंय त्ये वायट, व्हय ना?"

"हो, मावशी."

"आन तुला थांबवता येत न्हाय?"

"नाही. नुसतं बघता येतं."

जागृतीला रडू फुटलं. नीराबाईने तिच्या पाठीवर हात ठेवला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, असं जागृतीला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं तेव्हा वासानेच सगळं सांगितलं. बायकांनी टोपल्या भरून खाडीकडे नेल्या, कावळे आणि कुत्री मागोमाग. नीराबाईने एक पापलेट कल्ला उघडून पाहिला आणि परत टोपलीत टाकला. हळदीला काय वाढणार, हे तिला कोणी विचारलं नाही.

प्रज्योत आला तेव्हा खोली धुऊन झाली होती. त्याने पेनड्राइव्ह लावला, कॉम्प्रेसर घरघरायला लागला आणि रिकामी खोली गार व्हायला लागली. फाइल उघडून त्याने विचारलं, "कोणाचं नाव घालू?"

धनेशने मान हलवली. "माजं नको रं बाबा." रामचंद्रकाका दाराबाहेर बघत राहिले. जागृतीने तोंड उघडलं, पण आता आपल्याला बोलायचा हक्क राहिला नाही असं वाटून ते मिटलं. नीराबाई मागे रिकामी टोपली घेऊन उभी होती.

 प्रज्योतला पुण्याला पोचायचं होतं. शेवटी त्याने स्वतःचंच नाव घातलं, दोनदा तपासलं, आणि काही लागलं तर फोन करा म्हणून निघून गेला.