शीतलबाबांचा गार ग्लास

रविवारी सकाळी सातच्या ठोक्याला व्यायामशाळेच्या गरम पाण्याच्या टबाभोवती इतकी गर्दी जमली होती, की खुद्द टबात उतरायला कुणाला वाट नव्हती. आणि उतरायचं होतं कुणाला? सगळे टाचा उंचावून बघत होते ते शीतलबाबांच्या हातातल्या काचेच्या ग्लासाकडे.

बाबांनी टबातलं पाणी ग्लासात घेतलं, एका छोट्या बाटलीतले चार थेंब त्यात सोडले आणि ग्लास उंच धरला. पाणी पिवळंधमक झालं.

"हे विष," बाबा म्हणाले. "रोज सकाळी तुम्ही ह्यात गळ्यापर्यंत बसता आणि वर म्हणता, काय छान वाटतंय."

गर्दीतून एकच हाय निघाली. ज्यांना रोज छान वाटत होतं त्यांनाही त्याच क्षणी कसंसंच होऊ लागलं.

मग बाबांनी पिशवीत हात घातला आणि मूठभर खडे बाहेर काढले. पांढरे, आरपार दिसणारे, खडीसाखरेसारखे. "हे शांतीखडे. साठ वर्षांतून एकदा चांदणं गोठतं, त्याचे हे खडे. तेही सगळीकडे पडत नाहीत. आमच्या गुरूंच्या गच्चीवरच पडतात. आता ग्लास कोण धरतं?"

"मी," म्हणत अप्पा पुढे सरसावले. अप्पा म्हणजे रोज सकाळी टबात बसणाऱ्या सात म्हाताऱ्यांच्या गुडघेदुखी मंडळाचे स्वयंघोषित अध्यक्ष. चाळीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवून निवृत्त झालेले. बाबांनी खडे ग्लासात टाकून बोटाने ढवळले. बघता बघता पिवळा रंग नाहीसा झाला, पाणी नितळ झालं आणि अप्पांचे डोळे विस्फारले.

"गार पडला," ते म्हणाले. "अहो, ग्लास गार पडला. हात लावून बघा."

मग काय विचारता. लोकांनी ग्लासाला हात लावण्यासाठी रांग धरली. एका आजोबांनी ग्लास गालाला लावला, दुसऱ्यांनी गुडघ्याला. व्यायामशाळेचे सचिव सगळ्यांत मागून आले आणि सगळ्यांत पुढे जाऊन बाबांच्या पाया पडले. बाबांनी पिशवीतले आणखी वाटीभर खडे टबात ओतले आणि जाहीर केलं, की आजपासून हे पाणी शांत झालं आहे.

या सगळ्या जल्लोषात एकच बाई हाताची घडी घालून उभी होती. तिला सगळे पाणीताई म्हणत. ती या टबाची राखणदार होती आणि अप्पांची मुलगीही. थेंबांची ती बाटलीही तिचीच होती. बाबांनी ती सरळ तिच्या फळीवरून उचलली होती.

अकरा वर्षं ती दर दोन तासांनी टबातलं पाणी काचेच्या नळीत घेऊन त्यात हे थेंब टाकत आली होती. पाणी पिवळं झालं की समजायचं, पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे आणि जंतूंची काही खैर नाही. पिवळा रंग फिका पडला, की मापाने औषध घालायचं. पण पिवळ्याचा अर्थ तिने अकरा वर्षांत एकाही माणसाला सांगितला नव्हता. कुणी विचारलं नाही आणि तिलाही वाटायचं, आपलं काम आपल्याला कळलं म्हणजे झालं. बाबांनी त्या न सांगितलेल्या जागेत आरामात खुर्ची टाकली होती.

"अप्पा, तो रंग विषाचा नाही, औषधाचा आहे," ती घरी आल्यावर म्हणाली.

"मग डोळे का चुरचुरतात? तो उग्र वास कसला येतो?"

"तुम्ही सातही जण अंगाला तेल चोपडून, घामेजलेले, तसेच टबात उतरता त्याचा. घाम आणि तेलाशी झगडताना औषध संपत आलं, की तो वास सुटतो. साबणाने अंघोळ करून मग उतरा, अशी पाटी लावली आहे ना मी."

"त्या पाटीवर आम्ही टॉवेल टांगतो," अप्पा मोठ्या मनाने म्हणाले.

दुपारी तिने टबात औषध घातलं, थोडं थांबून नळी भरली आणि थेंब टाकले. पाणी पांढरंच राहिलं. संध्याकाळी पुन्हा औषध घातलं, पुन्हा पांढरं. तिला वाटलं, थेंब जुने झाले. म्हणून नळाचं पाणी तपासलं, तर ते मुकाट्याने पिवळसर झालं. थेंब शाबूत होते, ती शाबूत होती, पण टबात काहीतरी तिचं औषध गिळत होतं. आणि रोज सकाळी बाबा येऊन त्या काहीतरीत आणखी वाटीभर भर घालत होते.

तिने "टब बंद" अशी पाटी लावली. सचिवांनी ती काढली.

"पाणीताई, तुमचं बरोबर असेलही," ते म्हणाले, "पण मंडळ ऐकत नाही. आणि वासही गेला की हो."

वास गेला होता, खरं होतं. कोमट, नितळ, बिनवासाचं, बिनऔषधाचं पाणी. जंतूंनी अर्ज करून मागितलं असतं तरी याहून चांगली सोय झाली नसती. पाणीताईला झोप लागेना, कारण त्या पाण्यात रोज सकाळी सर्वांत आधी उतरत होते तिचे अप्पा. अप्पांना मधुमेह होता. गेल्या वर्षी पायाला साधं खरचटलं होतं, तर ते भरायला दोन महिने लागले होते.

गुरुवारी अप्पा पाठ दाराच्या चौकटीला घासताना सापडले. सदरा वर केला तर पाठ आणि कंबर लाल पुटकुळ्यांनी भरलेली. मंडळातल्या सातांपैकी पाच जणांची तीच गत होती. बाबांनी त्याचाही खुलासा तयार ठेवला होता: जन्मभराची उष्णता बाहेर पडते आहे, जितकं खाजेल तितका माणूस शुद्ध. त्यामुळे पुटकुळ्या न आलेले दोघे बिचारे तोंड लपवून फिरत होते.

तिने अप्पांना ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी पाठ पाहिली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "गरम पाण्याच्या टबात बसता का?" मग म्हणाल्या, "औषध नसलेल्या गरम पाण्यात वाढणाऱ्या जंतूंचं काम आहे हे. तुम्हाला साखर आहे, तेव्हा पुन्हा त्या पाण्यात पाय घालू नका. उगाच जिवावर बेतायचं."

"त्यांना बाबांचा मत्सर वाटतो," अप्पा रस्त्यात म्हणाले. "परवा, शनिवारी बाबा मोठा विधी करणार आहेत. मी सगळ्यांत पुढे बसणार."

घरी ती त्यांच्या पाठीला मलम लावत बसली. रडू येत होतं आणि रागही. अप्पा मात्र आपला हेका सोडायला तयार नव्हते. "तू काही म्हण, पण तो ग्लास ज्या झटक्याने गार पडला ना... मला एकदम आपली काळी खोली आठवली. फोटो धुताना बरणी अशीच गार पडायची."

तिचा हात थांबला. "कशाने गार पडायची?"

"हायपोने," अप्पा सहज म्हणाले. आणि एकदम त्यांनी सदरा खाली ओढला. मग म्हणाले, "झोप येते आहे," आणि दुपारी चार वाजता पांघरूण डोक्यावरून घेऊन पडले.

पाणीताईने स्टूल घेतलं आणि माळा उपसायला सुरुवात केली.

शनिवारी गर्दी दुप्पट होती. टबाशेजारी एक रिकामं पिंप ठेवलं होतं. त्याच्या एका बाजूला पाणीताईचा क्लोरीनच्या पावडरीचा डबा, दुसऱ्या बाजूला तिचा आम्लाचा कॅन. सचिवांनी किल्ली देऊन दोन्ही बाहेर आणवले होते.

"आज ही दोन्ही विषं एका पिंपात ओतायची," बाबांनी सांगितलं. "विषाने विष मरेल. मग पाण्याला फक्त शांतीखडे. सर्वांनी जवळ या, वाफ छातीत भरून घ्या."

मंडळ जवळ सरकलं, अप्पा सर्वांत पुढे. बाबांनी डब्याकडे हात नेला, तोच पाणीताई गर्दीतून आली आणि डब्याच्या झाकणावर बसली. नुसती बसली नाही, तर आम्लाचा कॅन मांडीवर घेऊन, पाय जमिनीत रोवून बसली.

"ताई, उठा," बाबा म्हणाले.

"नाही उठत."

"पाणीताई, हे बरं दिसत नाही," सचिव म्हणाले.

"ही दोन औषधं एकत्र आली की विषारी वायू सुटतो. छातीत भरून घ्याल तो परत बाहेर सोडायला राहणार नाही तुम्ही. मी हे दोन डबे दोन वेगळ्या कपाटांत ठेवते, दोघांची मापं वेगळी, पावडरीचा चमचा कायम कोरडा. पावडर पाण्यात घालायची, पावडरीवर पाणी कधी ओतायचं नाही. एक औषध टबात पूर्ण मिसळल्याशिवाय दुसऱ्याला हात लावत नाही. अकरा वर्षं हे करते आहे, म्हणून तुम्ही सगळे आज इथे धक्काबुक्की करायला हजर आहात. त्या बाबांना पाण्यातलं ओ की ठो कळत नाही."

"मला पाण्याची भाषा येते," बाबा म्हणाले.

"मग त्याच्याशी जरा जवळून बोला. आठ दिवसांत आपण एकदाही टबात उतरला नाहीत."

"मी आतून शुद्ध आहे."

"बाहेरून व्हा. या, पाणी गरम आहे."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. बाबांचा हात नकळत टबापासून दूर, पाठीमागे गेला. हे सगळ्यांनी पाहिलं. सातांपैकी पाच जणांनी तर पाठ खाजवत पाहिलं.

"अप्पा, इकडे या," डब्यावरूनच ती म्हणाली. तिने पदराखालून एक गंजका पत्र्याचा डबा काढला. "सचिवसाहेब, नळाचं पाणी दोन ग्लासांत आणा. माझी थेंबांची बाटलीही आणा. आज ती माझ्या फळीवर नाही, बाबांच्या पिशवीत आहे."

दोन ग्लास आले. तिने थेंब टाकले, दोन्ही पिवळे झाले. नळाला येणारं पाणीसुद्धा विषारी निघालं म्हणून काही जण घाबरले, मग आपण रोज तेच पितो हे आठवून विचारात पडले. एका ग्लासात बाबांच्या पिशवीतले खडे पडले, दुसऱ्यात पत्र्याच्या डब्यातले. सचिवांनी ढवळले. दोन्ही रंग एकदम नाहीसे झाले.

"अप्पा, डोळे मिटा. आता दोन्ही हातांत ग्लास धरा. बाबांचा कोणता ते सांगा."

अप्पा डोळे मिटून उभे राहिले. डावा हात वर केला, उजवा केला, पुन्हा डावा. अप्पांना उत्तर ठाऊक होतं आणि ते खोटं बोलू शकत होते. ते खोटं बोलले असते, तर उद्या सकाळी पुन्हा सर्वांत आधी त्या पाण्यात उतरणार होते.

"दोन्ही सारखेच गार आहेत," अप्पा म्हणाले. मग त्यांनी डोळे उघडले. "तो डबा माझ्या काळ्या खोलीतला आहे. त्यात हायपो आहे. फोटो पक्का करायला चाळीस वर्षं ह्याच हातांनी हे खडे विरघळवले मी. विरघळताना पाणी थंड होतं, त्याला चांदणं लागत नाही. आणि क्लोरीन असलेल्या पाण्यात टाकलं, की क्लोरीन संपतं. आम्हाला दुकानदार फुकटात सांगायचा हे."

"मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?" सचिवांनी विचारलं.

"मला ओळखायचंच नव्हतं. गुडघे बरे व्हायला हवे होते. आणि नंतर ओळखलं, तेव्हा लाज वाटली. गुरुवारपासून मला माहीत आहे." अप्पांनी सगळ्यांसमोर सदरा काढला आणि गर्दीकडे पाठ केली. "ही शुद्धी. नीट बघून घ्या. ज्यांना आली आहे त्यांनी डॉक्टरीणबाईंकडे चला, ज्या दोघांना आली नाही त्यांनी आता तोंड लपवू नका, फक्त खूश व्हा."

हसण्याचा असा काही स्फोट झाला, की शीतलबाबा पिशवी उचलून मागच्या दाराने कधी सटकले ते कुणाला कळलंच नाही. सचिवांनी मात्र चपळाई केली. बाबांना ग्रामपंचायतीपुढे उभं करतो म्हणत धावले आणि निदान बाबांच्या उरलेल्या खड्यांची पिशवी तरी हिसकावून आणली.

टब रिकामा झाला. पाणीताईने भिंती घासल्या, गाळणी धुतली, नवं पाणी भरलं, मापाने औषध घातलं आणि सगळ्यांना समोर बसवून अकरा वर्षं न सांगितलेलं सगळं सांगितलं. पाणी जितकं गरम तितकं औषध लवकर संपतं, म्हणून दर दोन तासांनी तपासायचं. वास आला तर औषध जास्त झालं असं नाही, अंघोळ न करता कुणीतरी उतरलं असं समजायचं. शंका आली तर विचारायचं, आणि सांगणारा चिडला तर दुसऱ्यांदा विचारायचं.

पाठ बरी व्हायला पंधरा दिवस लागले. डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली त्या सकाळी पाटीवर टॉवेल नव्हता. मंडळ साबण लावून, रांगेत, लहान पोरांसारखं ओलंचिंब उभं होतं. अप्पांनी स्वतः नळी भरली, थेंब टाकले आणि उजेडात धरली. पाणी पिवळं झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पाणी पिवळं झाल्याबद्दल.

"गुडघे?" पाणीताईने विचारलं.

"दुखतात," अप्पा टबात उतरत म्हणाले. "गरम पाण्यात जरा कमी दुखतात, बाहेर आलो की पुन्हा दुखतात. एवढंच खरं आहे, आणि मला तेवढं पुरतं." मग त्यांनी मान वर करून मुलीकडे पाहिलं. "पोरी, पुढच्या वेळी कुणी माझ्या हातात ग्लास दिला, तर आधी मी विचारेन की त्यात काय टाकलंस. तू फक्त तो डबा माळ्यावर परत ठेवू नकोस, हाताशी असू दे."

ग्लास प्रत्येकाच्या हातात येतो. कुणाला गुडघ्यासाठी, कुणाला मुलाबाळांसाठी. तो गार पडला तर आश्चर्य वाटू द्यावं, त्यात कमीपणा नाही. पण पाया पडायला वाकण्याआधी एकदा ताठ उभं राहून विचारावं, की यात काय टाकलं.