काचेवरचं कुंकू

कार्तिकातली पहिली सांज कऱ्हाडवर उतरत होती. केशरवर्णी, कुंकुमवर्णी, दिव्यादिव्यातून पाझरणारी. खाली संगमावर कृष्णा आणि कोयना नेहमीसारख्या समोरासमोर येऊन भेटत होत्या, कसलाही आडपडदा न ठेवता.

पाडव्याचं तबक हातात घेऊन देवयानी उंबऱ्याशी क्षणभर थांबली. रांगोळीच्या मधोमध पाट, पाटावर तिचा नवरा श्रीरंग, अंगात तिनंच निवडलेला मोतिया झब्बा. अर्ध्या चेहऱ्यावर समईचा सुवर्णपीत उजेड, अर्ध्यावर फोनचा निळा.

लग्नाला तिसरं वर्ष. पहिल्या पाडव्याला याच पाटावरून तो असा टक लावून बघत राहिला होता, की ओवाळता ओवाळता ती फेरे मोजायचंच विसरली होती. तिला सोनं नको होतं, साडी नको होती. ती नजर तेवढी परत हवी होती, एकदा तरी.

"श्रीरंग, वर बघ ना जरा."

त्यानं फोन डोळ्यांसमोर धरला. "बघतोय की! तुझ्याकडंच तर बघतोय. थांब, अशीच थांब. काय दिसतीयस!"

ती थांबली. काय समजायचं, तिला कळेना. तो खोटं बोलत नव्हता. पडद्यावर तीच होती, तिचीच नथ, तिचाच दिवा. बघत तर तो होताच. मग एवढं एकटं का वाटावं? की आपलंच काही चुकतंय?

कुंकवात बुडवलेली अनामिका तिनं पुढे नेली. डोळे त्याचे डोळे शोधत होते, बोट त्याचं कपाळ शोधत होतं. आणि तेवढ्यात तो फोटोसाठी पुढे वाकला. बोट टेकलं ते फोनच्या इवल्याशा काचेवर.

पडदा लालेलाल झाला.

"अगं, कॅमेऱ्याला लागलं!" त्यानं झब्ब्याचं टोक धरलं, काचेवर फुंकर घातली, हळुवार, हळुवार पुसत राहिला. किती माया होती त्या बोटांत! देवयानीला हसू आलं, आणि हसताहसता डोळे भरून आले. हेवा वाटला खरा, पण कुणाचा, ते तिला सांगता येईना.

"हा बघ, आधीचा छान आलाय."

फोटोतली बाई आसुसल्या डोळ्यांनी कुणाकडे तरी बघत होती.

तिनं ओवाळलं; एकदा, दोनदा, तीनदा. ज्योत त्याच्या चेहऱ्यावरून फिरली, फोनवरून फिरली. झब्ब्याच्या टोकावर कुंकू होतं, काचेच्या कडेला कुंकू होतं, तिच्या बोटावर कुंकू होतं. फोनवर झुकलेलं त्याचं कपाळ मात्र कोरंच राहिलं होतं.