कंट्रोलचा तुकडा

वसंतराव सरांनी सीताफळाच्या बियांपासून काढलेल्या अर्काला यंदा बारा वर्षं झाली. एवढ्या काळात त्या अर्कानं प्रयोगशाळेच्या बाटल्यांमध्ये बरेच जीव मारले, दोन परिसंवादांत टाळ्या घेतल्या आणि नांदेडच्या त्या जीवशास्त्र विभागातल्या फ्रीजचा एक कप्पा कायमचा बळकावला. राहिलं होतं ते एवढंच, की त्यानं एकदा वावरात काहीतरी करून दाखवावं. सप्टेंबरअखेर सर निवृत्त होणार होते. त्याआधी ते झालं असतं तर अर्काला नाव मिळालं असतं, आणि अर्काबरोबर सरांनाही.

म्हणून पुनमला, म्हणजे पीएच.डी.च्या शेवटच्या विद्यार्थिनीला, त्यांनी शंखी गोगलगायीचा विषय दिला. सोयाबीन उगवलं रे उगवलं की ह्या गोगलगायी रातोरात कोंब फस्त करतात. लोह्याच्या पुढं, लातूर रोडला, सटवाजी नावाच्या शेतकऱ्याच्या वावरात पुनमनं चार तुकडे आखले. तीन तुकड्यांवर अर्क फवारला. चौथ्यावर काहीच नाही. बाकीचे तीन ज्याच्याशी ताडून बघायचे तो हा तुकडा. शास्त्रात त्याला कंट्रोल म्हणतात, आणि त्याला कुणी बोटसुद्धा लावायचं नसतं. पुनमनं हे सटवाजींच्या घरी समजावून सांगितलं, चहा घेतला आणि दर सोमवारी मोजायला येऊ लागली.

सहा आठवड्यांनी तिनं तक्ता सरांच्या टेबलावर ठेवला. अर्काच्या तुकड्यांत चौरस मीटरला वीस, एकवीस, एकोणीस गोगलगायी. कंट्रोलच्या तुकड्यात एक, तीही बहुधा वाट चुकलेली.

चौतीस वर्षं शिकवलेला माणूस असा सहजासहजी घाबरत नाही. पहिल्या दिवशी सर म्हणाले, मातीत फरक असेल. दुसऱ्या दिवशी त्यांना शंका आली, की सीताफळाच्या वासानं गोगलगायी पाहुण्यासारख्या येत असतील. तिसऱ्या दिवशी त्यांना बाभळीच्या सावलीचा सिद्धान्त सुचला. पुनमनं हळूच सांगितलं, की बाभळ कंट्रोलपासून लांब आहे. सिद्धान्त तिथंच संपला. शुक्रवारी समितीपुढं प्रगती अहवाल होता. बुधवारी सर पुनमला घेऊन स्वतःच एसटीत बसले.

वावरात पोचल्यावर फार संशोधन करावं लागलं नाही. चौथ्या तुकड्यात जागोजागी ओली पोती अंथरलेली होती. सटवाजींच्या मंडळी, सिंधुबाई, एकेक पोतं उचलून खालच्या गोगलगायी मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाकत होत्या.

सरांनी विचारलं, हे काय चाललंय.

"तुमच्या ताईनंच सांगितलं की, चौथा तुकडा कंट्रोलचा हाय," सिंधुबाई कंबर सरळ करत म्हणाल्या. "तवापासून रोज कंट्रोल करून राहिले. सोमवारी तेवढी ताई मोजायला यायच्या आत पोती उचलून ठेवते. एक तरी दिसती का बघा."

बांधावरून सटवाजी बोलले, "घरच्या सोयाबीनला एवढा जीव लावला न्हाई हिनं कधी."

 पुनमचे सहा आठवडे वाया गेले होते. सरांचा जीव मात्र हलका झाला. प्रयोगच बाद, म्हणजे अर्क निर्दोष! त्यांनी प्रेमानं तिची समजूत काढली, की मोठमोठ्यांचे प्रयोग फसतात, आपण पुढच्या हंगामात नव्यानं करू. पुढच्या हंगामात आपण विभागात नसू, हे ते सोयीस्करपणे विसरले होते.

पुनमनं वहीचं मागचं पान उघडून पुढं केलं. पलीकडच्या बांधालगत सटवाजींचीच एक पट्टी होती. तिथं अर्क नव्हता, पोती नव्हती, सिंधुबाईंचा हातही नव्हता. तिथलेही सहा आठवड्यांचे आकडे होते. सरासरी वीस.

"हे मोजायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही, सर. परतीची बस दीड तास उशिरा यायची."

सर त्या पानाकडे बघत राहिले. आखणीत नसलेली पट्टी पुरावा म्हणून चालत नाही, हे त्यांना पाठ होतं. समितीनं ते मानलंही असतं. 'आकडेवारी अपुरी असल्यानं निष्कर्ष राखून ठेवत आहोत' हे वाक्य त्यांनी आजवर कितीतरी विद्यार्थ्यांना बुडताना हात द्यावा तसं दिलं होतं. आत्ता ते त्यांच्या स्वतःच्या ओठावर आलं होतं. पण वहीतला वीसचा आकडा पुनमच्या गोल अक्षरात सहा वेळा, जवळजवळ तसाच, बसलेला होता, आणि मोजणाऱ्या पोरीला त्यातून काही मिळवायचं नव्हतं.

"हे पान अहवालात घाल," ते म्हणाले. "आखणीबाहेरचं आहे, असं स्पष्ट लिहून."

"अर्काचं काय लिहू, सर?"

"फरक पडल्याचं दिसलं नाही, असं लिही."

पुनमनं पेनाचं टोपण काढलं. "अर्क कुणाचा, तेही लिहावं लागेल."

"माझा. लिही."

मग त्यांनी तिची वही मागून घेतली, चप्पल काढून तुकड्यात उतरले आणि सिंधुबाईंना विचारलं, पोतं किती वाजता अंथरता.

"दिवस बुडताना."

सरांनी ते लिहिलं आणि सवयीनं पुढं कंसात साडेसहा घातलं.

सिंधुबाई वहीत डोकावल्या. "टाइम कशाला लिहिता, सर? दिवस काय रोज एकाच टायमाला बुडतो?"

सरांनी कंस खोडला आणि पुढचा प्रश्न विचारला.