तडा गेलेली लाल बी

मी एक जुने भिंग आहे, मित्रांनो. माझी पितळी कड काळवंडली आहे आणि लाकडी मूठ दोऱ्याने करकचून बांधलेली आहे. काच मात्र अजून स्वच्छ आहे.

एका लहानशा कारखान्यात मला घासघासून घडवले. तिथून मी एका घड्याळजींच्या टेबलावर आलो. केसाएवढ्या स्प्रिंगा आणि मुंगीच्या डोळ्याएवढे स्क्रू मी वर्षानुवर्षे पाहिले. "याच्याशिवाय मी आंधळा," असे घड्याळजी गिऱ्हाइकांना सांगत, तेव्हा मला धन्य वाटे. पुढे त्यांची नजर गेली, दुकान बंद झाले आणि मी त्यांच्या लेकीकडे आलो. ती शाळेत विज्ञान शिकवते. सगळे तिला नुसते 'बाई' म्हणतात.

बाईंसोबत मी पानांच्या शिरा पाहिल्या, मुंग्यांच्या मिशा पाहिल्या. मुले माझ्यासाठी भांडत. मग फोन आले. फोटो काढला की फोनच झाडाचे नाव सांगू लागला. मी खणात गेलो आणि खडूच्या तुकड्यांत पडून राहिलो. वाईट वाटले, पण तक्रार कुणाकडे करणार?

एके वर्षी शाळेमागच्या मोकळ्या जागेत उघड्यावरचा वर्ग करायचे ठरले. बसायला ओंडके आणि भोवती पाखरांना, मधमाश्यांना, फुलपाखरांना आवडतील अशी झाडे. फुलपाखरू पानांवर अंडी घालते म्हणून लिंबू. मधमाश्या येतात म्हणून शेवगा. तुती पाखरांसाठी, असे मुले म्हणत, पण निम्मी फळे कोण खाणार हे सर्वांना ठाऊक होते. कुंपणावर एक वेल मात्र आपोआप उगवलेली होती. पाने चिंचेसारखी, म्हणून मुलांनी तिला चिंचवेल म्हणून टाकले.

"सर, नाव कळेपर्यंत ही वेल इथं नको," बाई म्हणाल्या.

मुख्याध्यापक हसले. "अहो, चिमण्या बसतात तिच्यावर. आपल्याला तेच तर हवंय! आणि फोन सांगतोय की साधी रानवेल आहे."

"फोननं नुसती पानं पाहिलीत. फूल नाही, शेंग नाही."

"मग येऊ द्या शेंगा. तेव्हा बघू."

बाईंनी वेलीसमोर दोरी बांधली आणि 'हात लावू नये' अशी पाटी लावली. पहिलीच्या मुलांना अजून वाचता येत नाही, हे तेव्हा कुणाच्याच ध्यानात आले नाही.

सुट्टीत शेंगा धरल्या, वाळल्या, तडकल्या. शाळा उघडली त्या दिवशी वेल नीट पाहायची म्हणून बाईंनी मला खणातून काढले. कुंपणाजवळ येताच त्या एकदम थांबल्या. त्यांची बोटे माझ्या मुठीत रुतली. उघड्या शेंगांतून लालभडक बिया चमकत होत्या. प्रत्येक बीच्या टोकाला काळा ठिपका होता.

"गुंज!" बाई किंचाळल्या. "बाजूला व्हा रे सगळे!"

दोरीपलीकडे पहिलीतली एक मुलगी उकिडवी बसली होती. घरचे तिला पिटुकली म्हणत. तिच्या मुठीत बिया होत्या आणि गाल हलत होता.

"थुंक, बाळा! आधी थुंक!"

ती दचकली. काहीतरी मातीत पडले. "गिळलीस का? चावलीस?" बाईंनी विचारले, पण पिटुकलीने ओठ घट्ट मिटून घेतले.

सातवीतला तिचा दादा धावत आला. गुडघ्यांवर बसून त्याने आवाज होईल तेवढा साधा ठेवला. "पिटुकले, कुणी रागावणार नाही. तोंडात काय काय टाकलंस, सांग बघू."

"एक गिळली," ती हुंदके देत म्हणाली. "दुसरी कडक होती. चावली नि थुंकली."

मुख्याध्यापकांनी दवाखान्यात फोन लावला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "डॉक्टर म्हणतात, ताबडतोब या. आणि चावलेली बी मिळाली तर फुटलीय का ते सांगा. बी फुटली असेल तर विष सुटतं."

त्यांनी पिटुकलीला उचलले आणि मोटारीकडे धाव घेतली. बाईंनी मातीतली बी रुमालात धरली आणि मला तिच्यावर आणले. घाईत मला आधी नुसती लाल रेघ दिसली. बाईंनी कोपर ओंडक्यावर टेकवले, श्वास रोखला. बी गुळगुळीत होती. कुठे ओरखडा नाही. मग त्यांनी ती उलटी केली. काळ्या ठिपक्याशेजारी केसाएवढा तडा होता आणि त्याच्या कडेचा कण गायब होता.

"फुटलीय!" बाई ओरडत मोटारीकडे पळाल्या.

दवाखान्यात डॉक्टरांनीही माझ्यातूनच पाहिले. "गुंजच आहे. नाव कळलं ते बरं झालं, आता आम्ही अंधारात नाही." दार बंद झाले.

पिटुकलीची आई आली ती थेट बाईंसमोर उभी राहिली. "फुलपाखरं दिसली तुम्हाला. माझी लेक नाही दिसली?"

मुख्याध्यापक पुढे झाले. "बाई नको म्हणत होत्या. वेल मी ठेवून घेतली."

आई वळली आणि बंद दारासमोर जाऊन उभी राहिली.

पुढचे काही दिवस उलट्या, पोटदुखी आणि सलाईन. बाई रोज मला पिशवीत घेऊन जात. का, ते त्यांनाही सांगता आले नसते. मग एका सकाळी पिटुकलीने खायला मागितले आणि डॉक्टरांनी तिच्या आईला बसायला खुर्ची दिली.

हातमोजे घालून वेल मुळासकट काढली. मुख्याध्यापक बाकीची झाडेही काढून सगळ्या जागेवर फरशी घालायला निघाले होते. आई पिटुकलीला घेऊन बघायला आली. लिंबाच्या पानावर एक सुरवंट होता. पिटुकलीने दोन्ही हात पाठीमागे लपवले. "हे विषारी आहे?"

"नाही गं, हे लिंबू आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी मला पुढे केले. पिटुकलीने हात काढलेच नाहीत. शेवटी आईने मला घेतले आणि लेकीच्या डोळ्यांसमोर धरले. दोघी कितीतरी वेळ पाहत राहिल्या.

"राहू द्या बाग," आई म्हणाली. "पण आधी ओळखा, मग ठेवा."

मित्रांनो, पाखराला पचते ते तुम्हाला पचेलच असे नाही. झाड निवडताना पान पाहा, फूल पाहा, शेंग आणि बी पाहा, जाणत्या माणसाला विचारा. नाव कळेपर्यंत काहीही तोंडात घालू नका. आणि माझ्यासारखे एखादे भिंग घरात पडले असेल, तर मऊ फडक्याने पुसून हाताशी ठेवा.

पिटुकली आता धावते, खेळते. लाल काही दिसले की मात्र तिचे हात आपोआप पाठीमागे जातात. ती भीती कधी जाईल, मला माहीत नाही. दुसऱ्या कुणा लहानग्याच्या वाट्याला तेवढी येऊ देऊ नका.