माझ्या आईच्या रानातलं गुपित

बियाणं कंपनीनं मला कामावरून काढलं, कारण म्हणे मी गुपित फोडलं. गुपित काय, तर औंदा त्यांचं सोयाबीन उगवलंच न्हाई! ताडकळसच्या रस्त्याला लागून माझ्या आईचं रान हाय. एसटीतली माणसंसुद्धा खिडकीतून तिथली नुसती ढेकळं बघायलीत. मी फक्त कृषी अधिकाऱ्याला बोलावून पंचनामा करून घेतला.

आज परभणीच्या ऑफिसात मॅनेजर साहेबांनी माझ्यापुढं कागद सरकवला.

"सही करा मॅडम. दोन वर्षं दुसऱ्या बियाणं कंपनीत काम करायचं नाही आणि आमच्या गिऱ्हाइकांशी बियाण्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. मग अनुभवाचा दाखला देतो."

"साहेब, तुमचं पहिलं गिऱ्हाईक माझी आई हाय. दुसरा माझा मामा. कामावर घेताना तुमीच इचारलं होतं, गावोगाव सोयरे किती हायत म्हणून. तवा ते माझे होते, आन् आता तुमचे झाले का?"

"नियम आहे," साहेब म्हणाले.

"तुमचा नियम राहू द्या तुमच्यापाशी. काढून टाकल्याची केस मी करणारच हाय."

मी तिथंच आईला फोन लावला आन् स्पीकर चालू केला. "आई, तुझ्या रानातलं कुणाला सांगायचं न्हाई म्हणायलेत. ते कंपनीचं गुपित हाय म्हणं."

आई म्हणाली, "साहेब ऐकायलेत का? रान माझं हाय साहेब, मंग गुपितबी माझंच. कोर्टात मी सांगते."